असामान्य रचनेच्या दातांवरील मूलनलिका उपचार

मूलनलिका उपचार (प्रचलित नाव: रूट कॅनॉल) म्हणजे दाताच्या आतील संसर्गग्रस्त मज्जा काढून, मुळातील नलिका निर्जंतुक करून त्या गटापर्चा या पदार्थाने भरण्याची दंतवैद्यकीय प्रक्रिया होय. मुळांची व नलिकांची संख्या किंवा आकार नेहमीपेक्षा वेगळा असल्यास एखादी नलिका नजरेतून सुटते. तिच्यात जीवाणू टिकून राहिल्याने उपचारानंतरही दुखणे वा सूज उद्भवू शकते आणि वाचवता येण्याजोगा दात गमवावा लागतो.

रचनेतील भेद

वरच्या पहिल्या दाढेला सामान्यतः तीन मुळे असतात. मात्र गालाकडील पुढच्या मुळात अनेकदा दुसरी, अरुंद नलिका आढळते व ती सहज सुटते. खालच्या पहिल्या दाढेला काही व्यक्तींमध्ये जिभेच्या बाजूस जादा मूळ असते. खालच्या दुसऱ्या दाढेतील नलिका एकमेकींना जोडल्या जाऊन अर्धचंद्राकार होऊ शकतात. हा प्रकार पूर्व आशियाई लोकांत अधिक आढळतो. काही दाढांचा मज्जाकोष्ठ मुळांकडे खोलवर पसरलेला असतो. बैलाच्या दाताशी असलेल्या साम्यावरून आर्थर कीथ यांनी १९१३ मध्ये या रचनेला नाव दिले. नलिकांच्या मांडणीचे व्हर्टुची यांनी १९८४ मध्ये केलेले आठ प्रकारांचे वर्गीकरण आजही वापरले जाते.

निदान व उपचार

साधे क्ष-किरण चित्र द्विमितीय असल्याने एकामागे एक असलेली मुळे त्यात एकच भासतात. म्हणून वेगवेगळ्या कोनांतून चित्रे घेतात; शंका उरल्यास कोन बीम सीटी या त्रिमितीय तपासणीचा आधार घेतात. नलिकांची तोंडे शोधताना सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. अर्धचंद्राकार नलिकेच्या अरुंद फटींत उपकरण पोहोचत नाही. तेथे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण श्राव्यातीत कंपनांच्या साहाय्याने खेळवतात आणि उष्णतेने मऊ केलेला गटापर्चा भरतात. सुटलेली नलिका नंतर लक्षात आल्यास बहुधा पुनरुपचार करता येतो; अशा वेळी पूर्वीची क्ष-किरण चित्रे मार्गदर्शक ठरतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षण

भारतात हा विषय ‘दंतसंवर्धन व मूलनलिका उपचारशास्त्र’ या शाखेत शिकवला जातो. सातारा जिल्ह्यात कराड येथील कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंतविज्ञान महाविद्यालय, तर सांगली जिल्ह्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय व कवलापूर येथील वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय या संस्था आहेत.