विरारपुढे वीज बदलायची तेव्हा

विरार आणि वैतरणा या स्टेशनांच्या मधे बरीच वर्षे एक सीमा होती. जमिनीवर तिची काही खूण नव्हती, ती होती डोक्यावरच्या तारेत. अलीकडे, चर्चगेटच्या बाजूला, तारेत 1,500 व्होल्टची डीसी वीज खेळायची आणि पलीकडे, डहाणू-सुरतेच्या बाजूला, 25,000 व्होल्टची एसी. लोकल डीसीवर चालणारी, त्यामुळे तिची धाव विरारला संपायची. पालघर-बोईसरचा चाकरमानी विरारला उतरून शटलच्या मागे धावायचा आणि शटल चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर उभा राहायचा. आपला खोळंबा दोन विजांच्या भांडणामुळे होतो, हे किती जणांना ठाऊक असेल?

पश्चिम रेल्वेवर वीज आली ती 5 जानेवारी 1928 रोजी, बोरिवलीपर्यंत. 1936 मध्ये ती विरारला पोचली. त्या काळी डीसी हीच रूढ पद्धत होती आणि वारंवार थांबणाऱ्या उपनगरी गाड्यांना ती सोयीचीही होती. पुढे पन्नाशीच्या दशकात भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने 25,000 व्होल्टची एसी स्वीकारली. त्यामागे साधे गणित होते. व्होल्ट वाढले की तेवढ्याच ताकदीसाठी तारेतून कमी प्रवाह न्यावा लागतो, म्हणून तार बारीक चालते आणि उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. सत्तरच्या दशकात विरारपासून अहमदाबादकडे तारा ओढल्या गेल्या त्या एसीच्या. मुंबईची डीसी मात्र जागीच राहिली. रोज लाखो माणसे वाहणारी यंत्रणा उखडायची कोणी आणि कधी?

मधला मार्ग निघाला तो इंजिनात. चित्तरंजनच्या कारखान्याने 1975 ते 1979 या काळात दोन्ही विजांवर चालणारी 53 इंजिने बांधली. त्यांचे नाव डब्ल्यूसीएएम-1. नाव अवघड असले तरी त्याची फोड सोपी आहे : डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी आणि एम म्हणजे मिश्र कामाचे. फ्लाइंग राणीसारख्या गाड्या या इंजिनांनी ओढल्या आणि मुंबई सेंट्रलहून गुजरातला जाणाऱ्या गाडीचे इंजिन वाटेत बदलण्याची कटकट संपली. या सोयीची किंमतही होती. एसीखाली 3,640 अश्वशक्ती देणारे हेच इंजिन डीसीखाली 2,930 वर यायचे. म्हणजे वसई-नायगावच्या मिठागरांजवळून जाताना त्याचा जोर वैतरणेपलीकडच्यापेक्षा कमीच असायचा.

सीमा ओलांडणे हाही एक विधीच होता. दोन विजांच्या मधे तारेचा थोडा तुकडा मुद्दाम मृत ठेवलेला असतो. तो येण्याआधी चालकाने मुख्य स्विच पाडायचा, गाडी आपल्याच वेगाने पलीकडे घरंगळू द्यायची, मग नवी वीज घ्यायची. या स्विचला रेल्वेत ‘डीजे’ म्हणतात. वसईतल्या लग्नाच्या वरातीशी त्याचा संबंध नाही. तो फ्रेंच ‘डिसजोंक्तर’ या शब्दाचा उरलेला तुकडा आहे, एसीबरोबर आलेला आणि इथेच राहिलेला. एसीच्या मार्गावरही असे मृत तुकडे असतात. आजही लोकलमधले पंखे नि दिवे मधेच क्षणभर जातात, तेव्हा बहुधा असाच एखादा तुकडा सरकत असतो.

अखेर डीसीच हटवायचे ठरले. काम टप्प्याटप्प्याने चालायचे होते, म्हणून तोवर दोन्ही विजा पचवणाऱ्या लोकल हव्या होत्या. सीमेन्सची यंत्रणा असलेल्या, पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या त्या गाड्या नोव्हेंबर 2007 मध्ये धावू लागल्या. फेब्रुवारी 2012 मध्ये चर्चगेट-विरार मार्गावरची डीसी संपली आणि एप्रिल 2013 मध्ये लोकल थेट डहाणू रोडला गेली. विरारपुढची सीमा मिटल्यावर या मार्गावर दोन्ही विजांच्या इंजिनांचे खास कामही उरले नाही.

दोन पद्धतींनी चालणारी, या अर्थाचा ‘बाय-मोड’ हा शब्द आज जगात वापरतात तो मात्र थोड्या वेगळ्या गाडीसाठी. तार असेल तिथे विजेवर आणि नसेल तिथे डब्याखालच्या डिझेल इंजिनावर चालणारी ही गाडी. ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्न मार्गावर हिताचीच्या अशा गाड्या 16 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाल्या. पहिल्याच फेरीत वातानुकूलन यंत्रातले पाणी प्रवाशांच्या अंगावर गळले, हा भाग वेगळा. पण त्या गाड्यांची खरी गरज अर्धवट राहिलेल्या तारांमुळे होती. त्याच वर्षी सरकारने कार्डिफ ते स्वान्सी या टप्प्याचे विद्युतीकरण रद्द केले होते. त्यामुळे तारेखाली धावतानाही डिझेल इंजिनाचे आणि इंधनाचे ओझे गाडीने वाहायचे.

आपल्याकडे अशा गाडीला जागा होती ती कोकण रेल्वेवर. गुजरातहून येणारी गाडी वसई रोडला दिवा स्टेशनकडे जाणाऱ्या फाट्यावर वळायची, पण पुढे रोह्यापलीकडे तार नव्हती, तिथे डिझेलला पर्याय नव्हता. तार नि डिझेल दोन्हींवर चालणारे डब्ल्यूडीएपी-5 हे इंजिन वाराणसीच्या कारखान्यात बनलेही. मात्र तोवर देशभर तारा ओढायचा धडाका सुरू झाला होता. कोकण रेल्वेच्या 741 किलोमीटरवर तारा ओढून झाल्या आणि जून 2022 मध्ये त्यांचे लोकार्पण झाले. निधी असेल तर तार ओढणे हाच सरळ उपाय, हे रेल्वेने कृतीतून सांगितले, आणि ते पटण्यासारखे आहे.

तरी वसई रोडची एक अडचण कोणत्याही इंजिनाने सुटलेली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये वांद्रे-मडगाव एक्स्प्रेस सुरू झाली. ती दक्षिणेकडून वसई रोडला येते, पण दिव्याकडचा फाटा उत्तरेकडून येणाऱ्या गाडीला सरळ पडतो. म्हणून इथे इंजिन सुटते, गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागते आणि इतका वेळ पुढे तोंड करून बसलेले प्रवासी पाठमोरे कोकणाकडे निघतात. यावर नायगाव ते जुचंद्र अशी पाच-सहा किलोमीटरची जोडमार्गिका मंजूर आहे. ती झाली की इंजिन फिरवायचा वेळ वाचेल. मात्र वांद्र्याहून कोकणात जाणाऱ्या गाडीला मग वसई रोडला यायचेच कारण राहणार नाही, आणि गणपतीला गावी निघालेल्या वसई-विरारच्या कोकणी माणसाने ती कुठे पकडायची, हे रेल्वेला आधीच ठरवावे लागेल.