फ्लिन फ्लॉन बॉम्बर्स: खाणीवर वाढलेली हॉकी टीम

या भागाचं हे लिखित रूप. बोलता बोलता अर्धवट सुटलेली वाक्यं तेवढी पूर्ण केली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

आज हॉकीबद्दल बोलायचंय, पण आपल्या नाही, बर्फावरच्या. पायात स्केट्स, हातात काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की हीच. आणि तिथली सगळ्यात भारी गोष्ट मला विचाराल तर ती टोरोंटोची किंवा मॉन्ट्रियलची नाही. ती आहे फ्लिन फ्लॉन नावाच्या एका गावाची, ज्याची वस्ती आज जेमतेम पाच हजार आहे.

नाव ऐकून हसू आलं ना? थांबा, पूर्ण नाव ऐका. जोसाया फ्लिन्टाबॅटी फ्लोनाटिन. हा माणूस कधी जन्मलाच नाही. 1905 साली आलेल्या ‘द सनलेस सिटी’ या स्वस्तातल्या कादंबरीचा तो नायक. पाणबुडीत बसून अथांग तळ्यात उतरतो आणि खाली त्याला सोन्याची दुनिया सापडते. पुढे 1915 च्या सुमाराला खनिज शोधत रानात फिरणाऱ्या मंडळींना खडकात घबाड सापडलं, आणि वाटेत कुठेतरी मिळालेल्या त्या पुस्तकातलं नाव त्यांनी त्या जागेला देऊन टाकलं. निघालं मात्र सोन्यापेक्षा तांबं आणि जस्त जास्त. विज्ञानकथेतल्या पात्राचं नाव असलेलं दुसरं गाव तुम्हाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.

गाव मॅनिटोबा आणि सस्कॅचवान या दोन प्रांतांच्या सीमेवर. मॅनिटोबाची राजधानी विनिपेग तिथून साडेसातशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे मुंबईहून निघून नागपूरच्या जवळ पोचाल, आणि मधल्या वाटेत बहुतेक जंगल आणि तळी. खाली सगळा कातळ. इतका कठीण, की बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याचे पाइप जमिनीत गाडताच आले नाहीत. मग ते जमिनीवरूनच नेले, लाकडी पेट्यांत झाकून. लोक त्या पेट्यांवरूनच चालायचे, फुटपाथसारखे.

तर अशा जागी 1927 मध्ये बॉम्बर्स नावाची हॉकी टीम सुरू झाली. जरा क्रम बघा: टीम 1927 ची, आणि खाण कंपनीची धातू वितळवायची भट्टी पेटली 1930 मध्ये. नगरपालिका तर त्याहून नंतर, 1933 ला. म्हणजे गाव कागदावर गाव होण्याआधीच तिथे टीम होती.

इथे ज्युनिअर हॉकी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. साधारण 16 ते 20 वयाची पोरं. एनएचएल, म्हणजे आइस हॉकीचं आयपीएल समजा, तिथे पोचायचा तेव्हाचा मुख्य रस्ता हाच होता. मुलं घर सोडून दुसऱ्या गावी जातात, तिथल्या एखाद्या कुटुंबात मुलासारखी राहतात आणि त्या गावासाठी खेळतात. वीस-एकवीसची झाली की संपलं. त्यामुळे टीम दर दोन-तीन वर्षांनी जवळजवळ नवीच असते. कायम राहतं ते गाव.

मग कुठल्या कोपऱ्यातल्या गावात चांगली पोरं का यायची? उत्तर: खाण. हडसन बे मायनिंग अँड स्मेल्टिंग ही कंपनी खेळाडूंना काम द्यायची. खाणीतलं काम, पगार आणि सरावाला वेळ. आपल्याकडे कबड्डी खेळणाऱ्या मुलाला रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी मिळते ना, तशातलाच प्रकार, फक्त इथे सतरा-अठराची पोरं. कामावरून सुटलेले कामगार संध्याकाळी रिंकवर हजर, आणि समोर खेळणारा पोरगा त्यांच्याच कंपनीचा. तिकीट काढून बघायला आलेले प्रेक्षक आणि हे, यात फरक आहे.

याचं फळ मिळालं 1957 मध्ये. मेमोरियल कप ही कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीतली सर्वोच्च ट्रॉफी. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 पासून दिली जाते. फायनलला समोर होते ओटावा-हल कॅनेडियन्स, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या बलाढ्य क्लबच्या हाताखालची टीम. त्यांचा कारभार सॅम पोलॉक बघायचे आणि सोबतीला होते स्कॉटी बोमन. पुढे एनएचएलच्या इतिहासातली ही दोन प्रचंड मोठी नावं झाली. म्हणजे समोर कोण उभं होतं ते लक्षात घ्या. सुरुवातीचे सामने फ्लिन फ्लॉनमध्ये, उरलेले रिजायना शहरात. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि बॉम्बर्स 4-3 ने जिंकले. त्या टीममध्ये पॅट जिनेल नावाचा एक खेळाडू होता, सगळे त्याला पॅडी म्हणायचे. हे नाव लक्षात ठेवा.

पॅडी जिनेल 1966 मध्ये कोच म्हणून परत आला, आणि त्याच्या हाताखाली आला गावातलाच एक पोरगा, बॉबी क्लार्क. वडील खाणीत. पोरगा स्वतःही खाणीत काम केलेला. चष्मा, अंगकाठी बेताची, आणि शाळेच्या वयापासून मधुमेह, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. 1967-68 च्या सीझनमध्ये त्याने 59 सामन्यांत 51 गोल केले आणि 117 वेळा दुसऱ्याला गोल करून दिला. त्याच सीझनला त्याच्यासोबत होता रेजी लीच, ओजिब्वे या मूळनिवासी समाजातला मुलगा, आजी-आजोबांकडे वाढलेला. लीचने त्या एका सीझनमध्ये 87 गोल मारले. हो, 87.

पण क्लार्कला घ्यायला एनएचएलवाले कचरत होते. मधुमेह असलेला मुलगा एवढा दमवणारा खेळ झेपवेल का, ही शंका. मग जिनेलने काय केलं? पोराला घेऊन थेट अमेरिकेतलं मेयो क्लिनिक गाठलं. तिथे तपासण्या करून घेतल्या आणि नीट काळजी घेतली तर हा मुलगा खेळू शकतो, असं डॉक्टरांकडून लेखी आणलं. तरीही 1969 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत त्याला कुणीच उचललं नाही. फिलाडेल्फिया फ्लायर्सनीसुद्धा आधी दुसराच मुलगा घेतला, जो एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. दुसऱ्या फेरीत, सतराव्या क्रमांकावर, त्यांनी क्लार्कला घेतलं. सामन्याआधी साखर घातलेला कोक, मधल्या सुट्टीत संत्र्याचा रस, असं करत तो खेळायचा. त्याच्या कप्तानीत फ्लायर्सने 1974 आणि 1975 असा दोनदा स्टॅनले कप जिंकला. लीग्जमधला सर्वोत्तम खेळाडू तो तीनदा ठरला. लीचही पुढे त्याच टीममध्ये आला. 1976 च्या प्लेऑफमध्ये त्याने 19 गोल केले, आणि टीम फायनल हरली तरी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

इथपर्यंत कथा छान आहे. पण ही टीम नुसती गरीब-बिचारी नव्हती, हेही सांगायला हवं. जिनेलचे बॉम्बर्स मारामारीसाठी कुप्रसिद्ध होते. फ्लिन फ्लॉनला खेळायला जायचं म्हणजे पाहुण्या टीमच्या पोटात गोळा यायचा. 1969 मध्ये ऑन्टारिओच्या सेंट थॉमस बॅरन्सशी अंतिम मालिका होती. आमची पोरं इथे सुरक्षित नाहीत म्हणत बॅरन्सने चौथ्या सामन्यात मैदान सोडलं आणि ट्रॉफी बॉम्बर्सना मिळाली. तीही मेमोरियल कप नव्हे. त्यांची लीग तेव्हा राष्ट्रीय संघटनेशी भांडून बाहेर पडली होती, त्यामुळे ऐन भरात असताना त्या कपची दारं बंद.

आणि 1972. कॅनडा विरुद्ध सोव्हिएत रशिया, शीतयुद्धाच्या काळातली गाजलेली मालिका. सहाव्या सामन्यात क्लार्कने काठी फिरवून रशियाच्या खार्लामोवचा घोटा जायबंदी केला. नंतर त्याने जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की अधूनमधून दोन्ही हातांनी काठी हाणायला शिकलो नसतो तर मी फ्लिन फ्लॉनच्या बाहेरच पडलो नसतो. मला हे समर्थन पटत नाही. घोटा तो घोटाच. पण त्या वाक्यात गावाबद्दल जे आहे ते खरं वाटतं: खाण किंवा हॉकी, तिसरा रस्ता नाही, आणि सतरा वर्षांच्या पोराला ते माहीत आहे.

मग पैशाचं गणित फिरलं. सत्तरच्या दशकात लीग पसरत पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत, व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियापर्यंत गेली. आता फ्लिन फ्लॉनहून बस काढून तिथे खेळायला जायचं, आणि परत यायचं. मोठ्या शहरांत हजारोंनी तिकिटं खपणार, इथे गावात आहेत तेवढीच माणसं. 1978 मध्ये टीमचा लीगमधला हक्क एडमंटनला गेला. तिथेही तो टिकला नाही, वर्षभरात अमेरिकेत गेला.

गावाने काय केलं? नाव सोडलं नाही. त्याच वर्षी उत्तर मॅनिटोबातल्या एका छोट्या लीगमध्ये बॉम्बर्स पुन्हा उतरले. 1984 पासून सस्कॅचवान ज्युनिअर हॉकी लीगमध्ये. एक पायरी खालची, पण प्रवास परवडणारा. आता टीमला मालक नाही, ती गावाची आहे. 1993 ला ही लीग त्यांनी जिंकली. व्हिटनी फोरम या त्यांच्या रिंकमध्ये मोक्याच्या गोलनंतर प्रेक्षक बर्फावर मूस नावाच्या भल्यामोठ्या हरणाची तंगडी फेकतात. खरीखुरी. मला कारण विचारू नका, मला फक्त ती साफ करणाऱ्याची दया येते.

दरम्यान जिच्या जोरावर हे सगळं उभं राहिलं ती खाण आटत गेली. 2010 मध्ये भट्टी बंद झाली. 2022 मध्ये गावातली शेवटची खाण, 777, संपली. कंपनीचं काम जवळच्या स्नो लेक भागात चालू आहे, पण फ्लिन फ्लॉनच्या खाली आता कुणी उतरत नाही. 2025 च्या मे महिन्यात वणवा इतका जवळ आला की अख्खं गाव रिकामं करावं लागलं. लोक जवळपास महिन्याने परतले. गाव वाचलं होतं, शेजारच्या डेनारे बीचमध्ये मात्र अनेकांची घरं गेली.

सीझन सप्टेंबरमध्ये सुरू होतो. लीगचे सामने पैसे भरून ऑनलाइन बघता येतात. तिथला संध्याकाळी साडेसातचा सामना म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे सात. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर पहिला भाग आरामात बघून होईल. टीमची जर्सी गडद लाल-तपकिरी आणि पांढरी आहे, ओळखायला सोपी.