बातुमीत नागपूरचा डाव
जॉर्जियातल्या बातुमी शहरात जुलै 2025 मध्ये महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा झाली. नागपूरच्या 19 वर्षांच्या दिव्या देशमुखला तिथे 15वे मानांकन होते. ती अंतिम फेरी गाठेल, असे फारसे कुणी धरले नव्हते.

स्पर्धा बाद पद्धतीची. दोन संथ डावांत निकाल लागला नाही, तर जलद डाव. हरलात की सामान आवरायचे. दिव्याने दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनरला बाहेर काढले, मग भारताच्याच हरिका द्रोणावल्लीला. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी समोर होती. त्यांचा निर्णायक डाव 101 चालींपर्यंत चालला. इतका वेळ डोके शांत ठेवणे हेच खरे कौतुकाचे, नुसत्या हुशारीने ते जमत नाही.

अंतिम फेरीत गाठ पडली भारताच्याच कोनेरू हम्पीशी. हम्पी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! दोन्ही संथ डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली आणि धावत जाऊन आईला बिलगली.

एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म (म्हणजे स्पर्धांमधली ठरावीक दर्जाची कामगिरी) आणि 2500 रेटिंग लागते. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. पण ही स्पर्धा जिंकणारीला किताब थेट मिळतो. त्या नियमाने ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. महिलांमध्ये हम्पी, हरिका आणि वैशालीनंतर चौथी. जगज्जेतीला आव्हान देणारी खेळाडू ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेचे दार तर अंतिम फेरी गाठल्यावरच तिला उघडले होते.