सातबाऱ्यावरचे नाव आणि घरचे नाव

कल्याण-शीळ रस्त्यावरून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीकडे वळणाऱ्या एखाद्या टँकरच्या पाठीवर '१०९०' हा आकडा दिसला, तर ती ज्याची जगन्मान्य खूण आहे तो ॲसिटोन म्हणजे नखांचा रंग उतरवणारा आपल्या परिचयाचाच द्रव होय, हे थोड्यांनाच ठाऊक असते. रसायनशास्त्राच्या दप्तरी मात्र त्याची नोंद 'प्रोपेनोन' अशी. कारण १८९२ साली जिनीव्हा येथे भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेने जुन्या नावांची बजबजपुरी मोडून, नावाच्या आरंभी कार्बनांची संख्या आणि अंती गटाची ओळख सांगणारी वहिवाट घालून दिली.

कार्बनास ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडला गेला की कार्बोनिल गट सिद्ध होतो. तो साखळीच्या टोकाशी, हायड्रोजनाच्या सोबतीने असला तर आल्डिहाइड, प्रत्यय 'ॲल'. दोन कार्बनांच्या मध्ये असला तर कीटोन, प्रत्यय 'ओन'. आणि त्याच कार्बनावर हायड्रॉक्सिलही आला तर कार्बॉक्सिलिक आम्ल, प्रत्यय 'ऑइक'. म्हणून फॉर्माल्डिहाइड मिथेनॅल ठरते, आणि व्हिनेगरातले ॲसिटिक आम्ल इथेनॉइक.

तरीही गोदामाच्या जावकवहीत जुनीच नावे चालतात. सातबाऱ्यावर पूर्ण नाव असलेला इसम आळीत 'बाळ्या'च राहावा, तसे.