तहानेची वाट पाहू नका

गेल्या मे महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही रत्नागिरीजवळच्या एका वृद्धाश्रमात गेलो होतो. मी मूळची नागपूरची, ४५ अंशांत वाढलेली. इथले ३४ अंश मला किरकोळ वाटले. पण दुसऱ्याच दुपारी एक आजी चक्कर येऊन पडल्या. "तहान लागलीच नव्हती गं," एवढेच त्या म्हणाल्या.

शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तर घाम सुकल्याने. नागपूरच्या कोरड्या हवेत तो झटकन सुकतो. कोकणात हवाच बाष्पाने भरलेली, म्हणून तो नुसता निथळतो. वाळ्याचा कूलरही इथे चालत नाही तो यामुळेच. त्यातून उतारवयात घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवही मंदावते.

मग आम्ही घड्याळ लावून दर तासाला पाणी, ताक किंवा पन्हे देऊ लागलो. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांचे प्रमाण मात्र डॉक्टरांनी ठरवले. दुपारी ओल्या पंचाने अंग पुसून सर्वांना पंख्याखाली बसवू लागलो.

सुटीत घरी गेले, तेव्हा आजीला "पाणी हवं का?" असे विचारले नाही. पेला भरून हातातच दिला.