चौसष्ट रंगांचे सुपरहिरो

अमेरिकेतील सुपरहिरो कॉमिक सुमारे अर्धे शतक एकाच पद्धतीने छापले जात होते. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, पिवळी, तांबडी, निळी आणि काळी अशा चार शाया आणि वेगाने फिरणारे रोटरी लेटरप्रेस यंत्र एवढ्यावर हा धंदा चाले. सुपरहिरोंचे आज ओळखीचे झालेले रूप चित्रकारांच्या कल्पनेइतकेच या छपाईच्या मर्यादांनीही घडवले आहे. जुने अंक पुन्हा हातात घेणाऱ्याला कथेच्या आधी ही छपाईच भेटते.

कॉमिकचा आकारही छापखान्यातूनच आला. कनेटिकट राज्यातील वॉटरबरी येथील ईस्टर्न कलर प्रिंटिंग कंपनी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या रंगीत पुरवण्या छापत असे. त्याच यंत्रावर, त्याच कागदाला आणखी एक घडी घालून 1933 मध्ये ‘फनीज ऑन परेड’ ही पुस्तिका निघाली. पाच वर्षांनी, जून 1938 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन अवतरला. 64 पानांच्या त्या अंकाची किंमत 10 सेंट होती. बहुतेक अंकांची ही किंमत 1961 पर्यंत तशीच राहिली, पाने मात्र निम्म्यावर आली. एवढ्या कमी पैशांत छपाईवर जास्त खर्च करणे शक्यच नव्हते.

चित्रकार मूळ पान छापील पानापेक्षा बरेच मोठे काढत. 1967 च्या सुमारास हा आकार दुपटीवरून दीडपटीवर आला. पानावर फक्त काळी शाई असे आणि त्यावरून काळ्या रंगाची प्लेट तयार होई. रंगकार पानाच्या लहान केलेल्या प्रतीवर पातळ रंगांनी नमुना रंगवून दाखवी आणि प्रत्येक जागेवर सांकेतिक अक्षरे व आकडे लिही. ईसी कंपनीसाठी आणि पुढे मार्व्हलसाठी काम करणाऱ्या मारी सेव्हरिन या कामात फार वरच्या दर्जाच्या होत्या. पण या नमुन्यावरचा रंग थेट छापला जात नसे. प्रत्येक शाईच्या वाटणीचा भाग वेगळा काढावा लागे, म्हणजेच रंगविभाजन करावे लागे आणि तेही हाताने.

हे काम मुख्यतः कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट येथे केमिकल कलर प्लेट या कंपनीत चाले आणि ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. पिवळा, तांबडा आणि निळा या प्रत्येक रंगासाठी 25, 50 आणि 100 टक्के अशा तीन छटा असत. एकेका छटेसाठी पारदर्शक अ‍ॅसिटेटचा एक ताव, म्हणजे एका पानासाठी नऊ ताव कुंचल्याने अपारदर्शक रंग लावून भरायचे. ज्या हातांनी लाखो मुलांचे रंगविश्व उभे केले, त्यांची नावे अंकांत छापली जात नसत. ही या इतिहासातली खरी उणीव आहे.

शाई एक तर कागदाला लागते किंवा लागत नाही, फिकी शाई असा प्रकार नसतो. म्हणून फिकी छटा ठिपक्यांची जाळी टाकून साधावी लागे. ही युक्ती बेंजामिन डे यांनी 1879 च्या सुमारास शोधलेल्या ‘बेन-डे’ पद्धतीची वंशज. तीन शाया आणि शून्य धरून प्रत्येकीच्या चार पायऱ्या, यांतून 64 रंग मिळत. गोऱ्या त्वचेसाठी 25 टक्के पिवळा आणि 25 टक्के तांबडा. कागद खरखरीत असल्याने जाळी जाड ठेवावी लागे आणि ठिपके उघड्या डोळ्यांना दिसत. रॉय लिक्टेनस्टाइन यांनी 1960 च्या दशकात हेच ठिपके मोठे करून कलादालनात नेले.

तयार प्लेटवरून छपाई बहुधा इलिनॉय राज्यातील स्पार्टा या लहानशा गावी, वर्ल्ड कलर प्रेसमध्ये होई. यंत्राच्या वेगामुळे चारही रंग नेमके एकावर एक बसत नसत. रंगांची ही जुळणी, म्हणजे रजिस्टर, हलली की ओठांचा तांबडा रंग गालावर उतरे. जाड काळी रेषा हा त्यावरचा उपाय होता. रंग थोडा सरकला तरी तो रेषेखाली लपे. सपाट गडद रंगही याच गरजेतून आले. नायकाला तांबडा-निळा आणि जोकर किंवा लेक्स लूथरसारख्या खलनायकाला जांभळा-हिरवा, अशी वाटणी रुळली. काळ्या रंगाला उठाव देण्यासाठी निळा वापरत, म्हणून सुपरमॅनचे काळे केस निळे चमकतात आणि बॅटमॅनची केप कित्येक वर्षे निळीच दिसली.

छपाईने पात्राचा रंगच बदलल्याचे सर्वांत बोलके उदाहरण हल्कचे आहे. मे 1962 च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता. राखाडी रंग तिन्ही शायांच्या तोलावर उभा असतो. एक शाई थोडी जास्त पडली की त्यात हिरवट किंवा निळसर झाक येते. त्या अंकात पानागणिक छटा बदलली आणि दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. ली फॉक यांच्या फँटमचेही असेच झाले. फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता, पण 1939 मध्ये रविवारच्या रंगीत पट्टीत तो जांभळा छापला गेला. इटलीत तो तांबडा आणि स्कँडिनेव्हियात निळा झाला. मुंबईहून 1964 पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे तो मराठी मुलांना ‘वेताळ’ म्हणून भेटला, आणि त्यांच्या लेखी तो बहुतेक काळ जांभळाच राहिला.

1980 च्या दशकात पांढरा, जाड कागद आला. 1988 मध्ये जपानी ‘अकिरा’च्या अमेरिकी आवृत्तीला स्टीव्ह ओलिफ यांनी संगणकावर रंग दिले आणि हाताने होणाऱ्या विभाजनाचे दिवस भरले. मग जुन्या कथांच्या नव्या आवृत्त्या गुळगुळीत कागदावर निघू लागल्या आणि एक अडचण पुढे आली. जुना कागद शाई शोषून घेई, रंग दबत. रंगकारांनी ते गृहीत धरूनच छटा निवडल्या होत्या. तेच आकडे चकचकीत पांढऱ्या कागदावर छापले की पिवळा डोळ्यांत खुपतो आणि तांबडा भडक होतो. ज्यांनी रंग नव्याने भरून घेतले त्यांनी बारीक छटांची भर घातली आणि मूळ चित्राचा ठामपणा घालवला. मूळ अंकांची पाने कागदातल्या लिग्निन या घटकामुळे उजेडात आणि हवेत पिवळी पडतात, ठिसूळ होतात, तरीही रसिक तेच अंक शोधतात, ते यासाठी.

आता निर्मातेच या खुणांकडे वळले आहेत. 2018 च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात ठिपक्यांची जाळी आणि सरकलेले रंग मुद्दाम आणले आहेत. टाशेन या प्रकाशनसंस्थेने मार्व्हलच्या जुन्या मालिका मोठ्या आकारात काढताना मूळ छापील अंकांचीच छायाचित्रे घेतली, रंग नव्याने भरले नाहीत, आणि कागदही चकाकी नसलेला, खास तयार करून घेतलेला वापरला.