संगणकातल्या हजार बायका: उपचार ‘परवडतो’ हे कसं ठरतं?



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा आज वैद्यक, संगणक आणि पैसा असं त्रांगडं घेऊन उभे राहिलो, याचं काही जणांना नवल वाटेल. पण प्रश्न मुळात आमच्याच घरचा आहे. सरकारी तिजोरीत पैसा मोजका असतो. एका आजाराला दिला की दुसऱ्याला कमी पडतो. मग आधी कुणाला द्यायचा? ‘माणसाच्या जिवाची किंमत करू नये’ असं आपण म्हणतो, आणि ते म्हणायला बरंही वाटतं. पण अंदाजपत्रक मांडताना ती किंमत होतच असते, फक्त गुपचूप होते. ती उघडपणे कशी करतात, हे आज पाहू.

उदाहरण जवळचंच घेऊ. इथून सुमारे ७० किलोमीटरवर बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी चालते, भारतातली अशी पहिली. रुग्ण येईल तेव्हा नाव लिहू, अशी ही नोंदणी नाही. माणसं गावोगाव फिरतात, विचारपूस करतात आणि मग नोंद होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या नोंदीत बायकांच्या बाबतीत एक आजार ठळक दिसत होता: गर्भाशयमुखाचा कर्करोग. हा आजार एका अर्थी ‘सभ्य’ आहे, कारण तो आधी वर्दी देऊन येतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण होते. बहुतेक बायकांमध्ये ती आपोआप जाते. थोड्या जणींमध्ये टिकते, आधी पेशी बिघडतात आणि मग दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. मधल्या काळात तपासणी झाली, तर बिघडलेला भाग साध्या उपचाराने काढता येतो. तपासण्या तीन. एक, पॅप तपासणी, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. दोन, व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. तीन, एचपीव्ही चाचणी, जी महाग आहे. कुठली निवडायची? किती वेळा करायची? कितव्या वर्षी?

खऱ्या बायकांवर सगळे पर्याय करून पाहायचे, तर एक पिढी जाईल. म्हणून संगणकावर लुटुपुटूचा खेळ मांडतात. त्यालाच सिम्युलेशन म्हणायचं.

समजा, संगणकात पस्तीस वर्षांच्या हजार काल्पनिक बायका आहेत. प्रत्येकीसमोर पाच घरं: निरोगी, लागण, पेशींचा बिघाड, कर्करोग आणि मृत्यू. आपल्या सापशिडीसारखंच म्हणा ना. दरवर्षी प्रत्येकीसाठी फासा टाकायचा. कुणी जागेवर राहील, कुणी पुढच्या घरात जाईल, कुणी मागे येऊन बरी होईल. फासा मात्र मनाचा नाही. लागण झालेल्यांपैकी किती जणी आपोआप बऱ्या होतात, किती जणींचा आजार वाढतो, हे प्रत्यक्ष नोंदींवरून ठरवायचं. एकदा खेळ तपासणीविना चालवायचा, एकदा तपासणीसह. दोन्ही खेळांत मिळून किती वर्षं जगली गेली आणि किती रुपये लागले, याची वजाबाकी करायची. झालं सिम्युलेशन!

यातून काय कळतं? एक छोटं गणित करू. आकडे आमचे, केवळ समजण्यापुरते. बिघाड असलेल्या शंभर बायका घ्या. पहिली पद्धत त्यांतल्या ६० जणींना ओळखते, पण तपासणी आणि उपचार एकाच फेरीत होतात. दुसरी पद्धत हुशार, ९० जणींना ओळखते, पण फेऱ्या तीन: एक तपासणीची, दुसरी निकालाची, तिसरी उपचाराची. दर फेरीला दहातल्या दोघी गळतात असं धरा. तर ९० च्या राहिल्या ७२, आणि ७२ च्या राहिल्या ५८. म्हणजे ‘कच्ची’ पद्धत ६० जणींना वाचवते आणि ‘पक्की’ पद्धत ५८ जणींना. वर तिचा खर्च जास्त!

बायका का गळतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पूर्वभागात विड्या वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. दवाखान्यात दिवस गेला, तर त्या दिवसाच्या विड्या गेल्या. हा खर्च दवाखान्याच्या वहीत येत नाही. चांगल्या सिम्युलेशनमध्ये तो धरावा लागतो: एसटीचं भाडं आणि बाईचा वेळसुद्धा.

२००५ साली स्यू गोल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, केनिया, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या पाच देशांसाठी नेमकं असंच गणित मांडलं. निष्कर्ष असा, की आयुष्यात एकदाच, पस्तिशीच्या सुमारास, व्हिनेगरची किंवा एचपीव्हीची तपासणी एक-दोन फेऱ्यांत उरकली, तर कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका सुमारे २५ ते ३६ टक्क्यांनी घटतो. वाचलेल्या प्रत्येक वर्षामागे खर्च ५०० डॉलरपेक्षा कमी. सगळ्यांत किफायतशीर कोण ठरलं? ज्यात फेऱ्या कमी त्या पद्धती.

इथे एक सापळा आहे. ‘किफायतशीर’ हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. एकदा तपासणीला १० लाख लागले आणि ५० वर्षं वाचली, म्हणजे वर्षाला २० हजार. दोनदा करायची तर आणखी १२ लाख लागतात आणि आणखी २० वर्षं वाचतात. सरासरी काढली तर वर्षाला ३१ हजार येतात, ठीकच वाटतं. पण दुसऱ्या तपासणीने वाचलेलं वर्ष ६० हजारांना पडलं! विचारायचं ते सरासरीबद्दल नाही, पुढच्या रुपयाबद्दल.

आता संगणक बंद करून गावात येऊ. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात प्रयोग सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांच्या ५२ समूहांतल्या. चार गट केले: तीन तपासण्यांचे तीन, आणि चौथा तपासणीविना. निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप गटात ५४ आणि व्हिनेगर गटात ५६. ही घट इतकी लहान होती, की ती तपासणीमुळेच झाली असं ठामपणे म्हणता येईना.

संगणकाने व्हिनेगर आणि एचपीव्ही यांना जवळजवळ एका पंगतीला बसवलं होतं. गावांनी तसं बसवलं नाही. संगणकाने आयुष्यभराचा धोका मोजला होता आणि गावांत आठ वर्षांतले मृत्यू मोजले, हे खरं. मुंबईच्या वस्त्यांत व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हेही खरं. पण धडा राहतोच. फाशावरचे आकडे अखेर गावातून यावे लागतात. नोंदणी करणारा पायी फिरला नसेल, तर संगणक आपल्याला अतिशय नीटनेटकी चूक काढून देईल.

आणि इथे आमचा विषय सुरू होतो. चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांना तपासणी कुठे करून घेता येईल एवढं सांगितलं होतं, तपासणी केली नव्हती. पुढे काही डॉक्टरांनी जाहीर आक्षेप घेतला, की हे न्याय्य होतं का? दुसरी बाजू म्हणते, जिल्ह्यात तशीही तपासणीची सोय नव्हती. संगणकातल्या चौथ्या गटात कुणी खरोखर मरत नाही, हा त्याचा मोठा नैतिक गुण. पण संगणकाला शहाणं करायला गाव लागतं. हा पेच कुठल्याही यंत्राने सुटणारा नाही.

आणखी एक गोष्ट. या गणितात पुढे वाचणारी वर्षं बहुधा दरसाल ३ टक्क्यांनी ‘घटवतात’. त्या हिशेबाने २४ वर्षांनी वाचणारं एक वर्ष आजच्या जेमतेम अर्ध्या वर्षाइतकं उरतं. पस्तिशीतल्या बाईची आज तपासणी केली, तर फायदा पन्नाशी-साठीत दिसणार. म्हणजे प्रतिबंधाच्या उपायांवर हा दर सगळ्यांत जड पडतो. फ्रँक रॅम्झी या तत्त्वज्ञ-गणितीने १९२८ मध्येच भविष्यातलं सुख असं कमी लेखणं नीतीला धरून नाही, असं म्हटलं होतं. ३ टक्के हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी निवडला आहे.

‘एका वर्षामागे किती रुपयांपर्यंत परवडतं’ ही रेघही माणसांनीच ओढलेली. ब्रिटनमध्ये ती बरीच वर्षं २० ते ३० हजार पौंडांची होती. भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली अशा मूल्यमापनाची यंत्रणा आहे आणि दरडोई उत्पन्नाशी तुलना करण्याची पद्धत आहे. रेघ असावी, आमची तक्रार नाही. ती कुणी ओढली आणि का, हे मात्र लोकांना ठाऊक असावं.

तेव्हा उद्या कुणी म्हणालं, ‘संगणकाने सिद्ध केलंय, हा उपचार किफायतशीर आहे’, तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. चार प्रश्न विचारा. कशाच्या तुलनेत? फाशावरचे आकडे कुठून आणले? कुणाचा खर्च धरला, कुणाचा सोडला? उद्याचं वर्ष आजच्यापेक्षा किती स्वस्त मानलं?

आणि पाचवा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायचा. गणित २००५ मध्ये झालं, गावांचा निकाल २००९ मध्ये आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या अवघ्या १.९ टक्के. उत्तर हातात असूनही वापरलं नाही, तर त्याचा खर्च कोणत्या वहीत मांडायचा?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.